मैदान वाढलं

आमच्या घरमालकांना हळू बोलता येत नव्हतं. कुणाच्या मयतीला गेले तरी त्यांचं सांत्वन बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. बायकोला मीठ मागितलं तरी शेजारच्या दोन घरांतून मिठाची वाटी पुढे यावी, असा आवाज. सकाळी नळाला पाणी आलं की मालक जिन्याखाली उभे राहायचे, डावा तळवा कानावर धरायचे आणि पुकारायचे, "पाणी आलंय होऽऽ! वरच्या मजल्यावरच्या पाटणच्या बाई, निळी बादली, जोड लागलाय नळासंगं! चला, उतरा मातीत!"

मी बादली घेऊन खाली येईपर्यंत सगळ्या बोळाला माझ्या बादलीचा रंग कळलेला असायचा.

खोली बघायला मी पहिल्यांदा आले तेव्हाही हाच प्रकार. हातात एक पत्र्याची ट्रंक, नोकरी नवीन, गावाकडे कुणी उरलेलं नाही, आणि हे गृहस्थ दारात उभे राहून ओरडतायत, "पाटणहून आलेल्या, हाफिसात कामाला लागलेल्या, एकट्या ऱ्हाणाऱ्या बाई आजपास्नं आपल्या बोळात! कुणी वाकडं बघितलं तर गाठ माझ्यासंगं हाय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत ट्रंक उचलावी आणि एसटी पकडावी असं वाटलं. पण खरं सांगते, त्यानंतर मी त्या बोळात इतकी वर्षं काढली, माझ्याकडे कुणी वाकडं बघितलं नाही.

गावाचं नाव मी सांगणार नाही. साताऱ्याहून सांगलीकडे येताना कृष्णेच्या काठावर कुठेतरी, एवढं पुरे. सांगितलं तर तिथले लोक माझ्याशी भांडायला येतील, आणि तिथल्या लोकांना भांडायला कारण लागत नाही.

मालकांचा धंदा हळदीचा. पण गावात त्यांना हळदीवरून कुणी ओळखत नव्हतं. ते कुस्त्यांचं मैदान पुकारायचे. कोण पैलवान कुठल्या गावचा, त्याचा जोड कुणाशी लागलाय, कुणाच्या हाताखाली शिकला, मागच्या साली कुणाला चीतपट केला, हे सगळं माईकवरून सांगायचं काम त्यांचं. आधी त्यांच्या वडिलांचं होतं, त्यांच्या आधी आज्ज्याचं. आज्ज्याच्या काळात माईक नव्हता. तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरत आला असावा आणि माईक आल्यावर कमी करायचं कुणाला सुचलं नसावं.

मैदान आमच्या घराच्या अगदी मागे. गच्चीवर गेलं की पायाशी. मोठी गोल दगडी परात म्हणा ना. चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि मध्ये लाल माती. मालक सांगायचे, तालमीत नवीन आलेल्या पोराला आधी नदीपलीकडच्या खाणीतून एक दगड आणायला लावायचे, मगच लंगोट बांधायला द्यायचे. असे दगड साचत साचत पायऱ्या झाल्या. कऱ्हाडकरांची पायरी वेगळी, तासगावकरांची वेगळी. दुसऱ्याच्या पायरीवर बसलं तर मारामारी. कोयनेला भूकंप झाला तेव्हा तिकडे आमची घरं बसली, आणि हा मनुष्य मला तोंडावर सांगायचा, "पाटणच्या बाई, तुमची भिताडं पडली, पर हितली एक पायरी हालली न्हाई बगा!" जसं काही भूकंपाशी जोड यांनीच लावला होता.

मातीचं तर विचारूच नका. तिला ताक, लिंबू, तेल, कापूर आणि मालकांच्या वखारीतली हळद. दर हंगामाची पहिली हळद मातीला, मग गिऱ्हाइकाला. त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत, त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. "घरच्या सुनेला हळद लावली न्हाई एवढी त्या मातीला लावली. माझी सवत हाय ती, सवत!"

आक्कांचा राग वेगळ्याच कारणाने होता. ही जैन माणसं. घरात दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची, मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. आणि मैदान काही दिवस मावळायच्या आत उरकायचं नाही. शेवटची मोठी कुस्ती निकालाला येईपर्यंत तिन्हीसांजा होऊन जायच्या. म्हणजे मैदानाच्या दिवशी मालक उपाशी झोपणार, आणि नवरा उपाशी म्हणून आक्काही उपाशी. दरवेळी त्या पान मांडून गच्चीवर येऊन बसायच्या, सूर्याकडे बघायच्या, खाली मैदानाकडे बघायच्या, आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत म्हणायच्या, "आजबी ऱ्हायलं गं जेवाण." बायकांनी मैदानात जायचं नाही अशी रीत, म्हणून आम्ही दोघी सगळ्या कुस्त्या गच्चीवरूनच बघितल्या.

शेवटची कुस्ती झाली तरी कुणी उठायचं नाही. हलगी थांबायची. मालक लाकडी खुर्चीवरून उठायचे, तळवा कानावर, आणि म्हणायचे, "मंडळीऽऽ, मैदान वाढलं होऽऽ! मातीला हात लावा आन् आपापलं घर गाठा!" मग सगळा जमाव उठायचा, वाकायचा, मातीचा हात कपाळाला लावायचा. पुकारणाऱ्याच्या तोंडून 'वाढलं' आल्याशिवाय मैदान मिटत नाही, असा तिथला कायदा. एकदा पाऊस कोसळला तरी मालक छपराखालून येऊन ते म्हणेपर्यंत लोक भिजत बसले होते.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गच्चीवरून उठून खोलीत गेले. दार लावून घेतलं.

माझे यजमान फौजेत होते. घाटात गाडी दरीत गेली. बातमी घरी आली तेव्हा चुलतसासूने बायकांना सांगितलं, "हिच्या बांगड्या वाढवा गं." वाढवा म्हणे! माझं मनगट धरून उंबऱ्यावर आपटलं, काच रुतली, रक्त आलं, आणि त्याला म्हणायचं वाढवणं. नारळ फोडायचा तरी वाढवला म्हणायचं, दिवा विझवायचा तरी वाढवला म्हणायचं, ठीक आहे. पण माझ्या बाबतीत काय वाढलं होतं? तेव्हापासून तो शब्द मी तोंडातून काढला नव्हता. देवळातसुद्धा 'नारळ फोडा' असं म्हणते आणि पुजाऱ्याच्या शिव्या खाते.

दुसऱ्या दिवशी मालक जिन्यात भेटले आणि मी सरळ भांडले. "मालक, वाढलं काय वाढलं? संपलं म्हणा की सरळ!"

मालक पायरीवर बसले. "बाई, संपलं म्हणायला काय लागतंय? पर संपलं म्हणलं की मानूस उठतंय आन् मागं बघत न्हाई. वाढलं म्हणलं की फुडच्या साली परत येतंय."

"माझ्या बांगड्या नाही आल्या पुढच्या साली," मी म्हणाले.

मालक उठले आणि जिना उतरून वखारीकडे गेले. नंतर पुढच्या मैदानाला एक गंमत झाली. शेवटची कुस्ती सुटली आणि मालकांनी भोंगेवाल्याला काहीतरी खूण केली. तो शिडीवर चढला आणि आमच्या गच्चीकडे तोंड असलेला भोंगा त्याने नदीकडे फिरवला. मग मालक बोलले. काय बोलले ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर दर मैदानाला तो भोंगा शेवटच्या वाक्याला नदीकडे फिरायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला काहीतरी खूळ लागलंय. मी कुणाला काही सांगितलं नाही, मालकांनीही नाही.

मग एका हंगामात गावचे पुढारी मैदानात भाषणाला आले. मागे नव्या मैदानाचं मोठं चित्र लावलेलं. छप्पर, खुर्च्या, हिरवळ, बायकांना बसायला वेगळी जागा. मी गच्चीवरून बघत होते आणि खोटं कशाला बोलू, ती बायकांची जागा बघून मला आनंद झाला. पुढारी म्हणाले, "हे मैदान आता आम्ही वाढवणार!" टाळ्यांचा कडकडाट. हलगी वाजली.

मालक व्यासपीठावरच होते. त्यांनी विचारलं, आणि माईक नसताना ते आम्हाला ऐकू आलं. "म्हंजे कवा?"

"लवकरच वाढवू, काका."

"मी जित्ता असतानाच?"

सगळं मैदान हसलं. पुढारीही हसले.

मालक घरी आले ते जेवले नाहीत. सूर्य चांगला हातभर वर होता, आक्कांनी पान मांडलेलं, तरी नाही. आक्का म्हणाल्या, "आवं, मोठं करनार म्हणत्यात. चांगलंच हाय की."

"वाढवणार म्हणाला त्यो. नारळ वाढीवत्यात, दिवा वाढीवत्यात. त्यात मोटं काय हुतंय सांग बघू?" मग माझ्याकडे बघितलं आणि पुढचं बोलले नाहीत.

मी म्हणाले, "मालक, शब्दाला धरून बसू नका. त्या लोकांची भाषा वेगळी."

"भाषा त्येंची वेगळी आसंल बाई. शब्द आपलाच हाय."

नवं बांधायला जुनं पाडायचं ठरलं, आणि पाडायच्या आधी एक शेवटचं मैदान भरलं. बक्षीस मोठं, पाहुणे मोठे, आणि मोठे पाहुणे मोठ्या उशिराने आले. मुख्य कुस्ती लागली तेव्हा दिवस कलला होता. कवठ्याचा एक पोरगा आणि कागलकडचा एक. कवठ्याच्या पोराने पट काढला, पाय ओढून दुसऱ्याला खाली घेतलं, वरती बसला, आता निकाल लागणार म्हणून सगळे लोक पायऱ्यांवर उभे राहिले. तेवढ्यात पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं आहे असं कळलं. कोटवाला एक तरुण सूत्रसंचालक आणला होता. त्याने मालकांच्या हातातून माईक घेतला, कुस्ती बरोबरीत सोडवायला लावली आणि म्हणाला, "कार्यक्रम संपला असं जाहीर करतो. धन्यवाद."

लोक गोंधळले. काही उठले, काही तसेच बसले. मग उठणाऱ्यांना बघून बसलेलेही उठले. मातीला हात लावायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मालक आपल्या लाकडी खुर्चीवरून हलले नाहीत. त्यांचा मुलगा गेला, "आण्णा, चला आता." तर म्हणाले, "मैदान चालू हाय." हलगीवाला म्हातारा त्यांच्या शेजारी बसून होता. त्यानेही हलगी पिशवीत घातली नव्हती. मुलगा म्हणाला, आण्णा, लोकं हसत्यात. "हसू द्यात. मी म्हणलो न्हाई तवर मैदान चालू हाय. चालू मैदान कोण पाडतंय बघू!"

म्हणजे असं त्यांच्या मनात होतं. 'वाढलं' म्हणायचंच नाही. म्हटलं नाही तर मैदान मिटत नाही, आणि न मिटलेल्या मैदानाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही. हसू येतं ना? मलाही आलं होतं, आणि लगेच रडूही आलं.

शेवटी मुलाने आणि हलगीवाल्याने त्यांना खुर्चीसकट उचललं. भर बाजारपेठेतून ती वरात घरी आली. मालक खुर्चीत ताठ बसलेले आणि दोन्ही बाजूंना सांगतायत, "मी उठलेलो न्हाई बरं का! ध्यानात ठेवा रं, मी उठलेलो न्हाई!" ती खुर्ची त्यांनी गच्चीवर नेऊन ठेवायला लावली, मैदानाकडे तोंड करून. त्यानंतर रोज दुपार कलली की तिथे जाऊन बसायचे.

मैदान पाडायला कुणाची छाती लागली नाही. जेसीबी लागला. ज्या पायऱ्या भूकंपात हलल्या नव्हत्या त्या एकेक निघून बाजूला ढीग झाल्या. मालक खुर्चीतून बघत राहायचे. ओरडतील, शिव्या देतील असं मला वाटलं होतं. पण घरात बोलतानासुद्धा त्यांचा आवाज जरा बसल्यासारखा यायचा. आम्ही म्हटलं धुरळ्याने असेल, आक्कांनी हळद-दूध दिलं. धुरळ्याने नव्हतं. घशात गाठ निघाली. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला.

त्या घराची शांतता मला सहन होईना. सकाळी पाणी येऊन जायचं आणि बोळात कुणाला कळायचं नाही. बायका एकमेकींना विचारायच्या, आलं का गं, गेलं का गं. मालक जिन्याखाली यायचे, सवयीने तळवा कानावर जायचा, तोंड उघडायचं, आणि मग ते तसेच परत फिरायचे. मी वरून बघायचे आणि आत येऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. ज्या आवाजाला इतकी वर्षं नावं ठेवली, त्याच्यासाठी मी नवस बोलले असते.

एका रविवारी मी गच्चीवर कपडे काढत होते. आक्का शेंगा घेऊन बसल्या होत्या. पायऱ्या सगळ्या गेल्या होत्या, मध्ये लाल मातीचा तेवढा गोल राहिला होता. ऊन उतरायला लागलं होतं. डंपर येऊन उभा राहिला आणि मशीनने त्या मातीत पहिला दात घातला. कुणाच्यातरी फार्महाऊसवर गुलाबाच्या वाफ्यांना हवी होती म्हणे ती माती. पोसलेली माती, गुलाब चांगले येतील.

मालकांनी खुर्चीच्या हातावर थापा मारायला सुरुवात केली. घशातून नुसता वारा. बोट मातीकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे, परत मातीकडे. आक्कांना कळलं. इतक्या वर्षांचा संसार, कळणारच. म्हणाल्या, "माती चालली म्हणत्यात. चालू मैदानातली माती न्हेत न्हाईत. आधी मैदान वाढवाय पायजे म्हणत्यात."

इतके महिने ज्या शब्दासाठी हा माणूस ओठ मिटून बसला होता, तोच आता त्यांना हवा होता. पायऱ्या गेल्या तर गेल्या. पण माती अशी जाऊ द्यायची नव्हती, उघड्या डोळ्यांनी मेलेल्या माणसाला उचलून न्यावं तशी. निदान तिचे डोळे मिटायचे होते, आणि मिटायला आवाज नव्हता.

"मग आक्का, तुम्ही म्हणा," मी म्हणाले.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. "मी कसं म्हणू बाई? ह्येंचं दुखनं आसं, आन् माझ्या हातात बांगड्या. त्यो शब्द मी तोंडातनं कसा काडू?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं आणि हात जोडले. भोंगा नदीकडे फिरवायला लावणाऱ्या त्या माणसाला आपण माझ्याकडून काय मागतोय ते पुरतं ठाऊक होतं.

मला राग आला. त्यांचा, त्या मशीनचा, चुलतसासूचा, दरीतल्या गाडीचा, सगळ्यांचाच. मनात आलं, का म्हणू? तेवढ्यात मशीनने दुसरा दात घातला.

मी कठड्याशी गेले आणि म्हणाले. पण काय म्हणाले ते मलाच ऐकू आलं नाही, त्या घरघराटात. मालकांनी खुर्चीतूनच माझा हात धरला आणि माझा डावा तळवा माझ्या कानावर ठेवला. मग मी छाती भरून ओरडले, "मंडळीऽऽ! मैदान वाढलं होऽऽ! मातीला हात लावा आन् आपापलं घर गाठा!"

बोळातली कुत्री भुंकली. खिडक्या उघडल्या. खाली मशीन थांबलं. मशीनवाला विजापूरकडचा होता. तो खाली उतरला, वर बघून ओरडला, "एन्री बाई?" काय हो, म्हणून विचारत होता, काही चुकलं की काय असं वाटून.

आणि मग मालक उठले. इतके महिने, मैदान चालू हाय म्हणून, त्या खुर्चीतून ज्यांना रोज दोघांनी धरून उठवावं लागायचं, ते आपले आपण उठले. खाली वाकले, गच्चीच्या फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला. त्या मशीनवाल्याने ते बघितलं. त्याच्याही गावात तालीम असणार, काय कळायचं ते त्याला कळलं. त्याने चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला आणि कपाळाला नेला. मग तो मशीनवर चढला आणि मशीन परत चालू झालं. त्याचं ते काम होतं.

आम्ही कुणी पुढे बघत थांबलो नाही. मालक कठडा धरत जिन्याकडे निघाले. ती जागा आजही पत्रा लावून पडून आहे, आत गाड्या लावतात, छप्पर नाही आणि हिरवळ नाही आणि बायकांची जागा तर नाहीच. मालकही राहिले नाहीत. पण त्या रविवारी ते पायऱ्या उतरत होते तेव्हा नदीवर ऊन होतं, सूर्य अजून वर होता. आक्कांनी वर बघितलं, मग मालकांकडे बघितलं, आणि शेंगांची पाटी टाकून घाईघाईने पुढे झाल्या.

"चला," त्या खालून म्हणाल्या, "पान वाढलंय."

मैदान असलेल्या दिवशी मालक दिवस मावळायच्या आत जेवले ते तेवढ्याच एका दिवशी. मऊ भात होता आणि वरती ताक. मीही तिथेच जेवले.